वाघिणीच्या कानातले आवाज

“आधी बघावं, मग नावं ठेवावीत. तोवर जीभ दातांमागे,” वडील सांगायचे. ते गेले, सांगणं राहिलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मी तासभर मौन पाळते, त्याचं मूळ तेच.

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, चिंगीचा तो बंदुकांचा गेम मी कुणाला तरी देऊन टाकणार. पंधरा वर्षांची पोर, आणि घरात नुसतं ठो ठो.”

“तू पाहिलास?”

“त्यात पाहायचं काय?” मग आवाज उतरला. “तूच बघ. तू म्हणशील तसं. आमचं मायलेकींचं तर बोलणंच बंद आहे.”

दुसऱ्या दिवशी गेले. दार भाचीनंच उघडलं. “या, न्यायाधीशबाई.”

“आधी शिकव तरी.”

“पण दिवा लावलास की तुझं मौन ना? बरंय, ओरडणार तरी नाहीस.”

दिवा लावून मी तिच्या खोलीत बसले. गेमच्या खोक्यावर सोळा वर्षांचा आकडा होता, तो आधी पाहिला. मग पडद्यावर माझा शिपाई भिंतीला नाक लावून उभा राहिला.

“मावशी, जमिनीवर गोळ्या काय झाडतेयस? जमिनीनं काय केलंय तुझं?”

पडलेले पुन्हा उठत होते. रक्त दिसू नये याचंही बटण होतं. चिंगीनं ते दाबून दाखवलं. शेवटी माझ्या गोळीनं एक जण पडला आणि मला चक्क आनंद झाला. याचं मला फार नवल वाटलं.

ती पाणी प्यायला गेली. टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक कुजबुज येत होती. मी तो कानाला लावला. आधी तिच्या मैत्रिणींचं खिदळणं, मग एक जाड, मोठ्या माणसाचा आवाज.

“वाघीण, आज गप्प का? शाळेचं नाव सांगणार होतीस. फोटोपण राहिलाय. रुसलीस?”

वाघीण म्हणजे आमची चिंगी. मौन मोडावंसं वाटलं. पण मी गप्प होते म्हणून तर तो बोलत होता. सगळं ऐकून घेतलं.

तास संपल्यावर विचारलं, “तो जाड आवाजाचा कोण?”

तिचा चेहरा उतरला. “माहीत नाही. गेममध्येच भेटला. मी काही सांगितलं नाही त्याला. पण टाळू कसं, तेच कळत नव्हतं. आईला सांगितलं असतं तर गेम गेलाच असता.”

“आईला सांगायचं. तुझ्यासमोर, आत्ताच.”

बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. “मी ठो ठो ऐकत बसले. हे ऐकूच आलं नाही.”

चिंगीनं आमच्यासमोर गेममधूनच त्या माणसाची तक्रार केली, त्याला ब्लॉक केलं. बोलणं फक्त ओळखीच्या मैत्रिणींशी, असं ठरलं. गेम बाहेरच्या खोलीत आला.

“खोक्यावर सोळा लिहिलंय, म्हणून वर्षभर एकटीनं खेळायचं नाही,” मी म्हटलं.

“शेजारी बसणार कोण? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,” बहीण म्हणाली.

“मी रोज येईन. तू शिकेपर्यंत.”

“रोज?” चिंगीनं डोळे बारीक केले. “नक्की?”

“नक्की.”

आज दिवा लावला, चष्मा पुसून पर्समध्ये ठेवला, चपला घातल्या. जिन्यात शेजारीण म्हणाली, “इतक्या घाईनं कुठे?” मी नुसतीच हसले आणि खाली उतरू लागले.