नवख्याची सही

संगणकवर्गाच्या बाईंना चार वाजेपर्यंत धड्याची उद्दिष्टं प्रशिक्षण केंद्राकडे पाठवायची होती. धडा ‘आवृत्ती नियंत्रणा’चा, म्हणजे केलेल्या कामाचा टप्पा न् टप्पा जपून ठेवायच्या विद्येचा. बाईंनी तो हौसेनं मागून घेतला होता. उद्दिष्टं वेळेत गेली नाहीत, तर धडा जाणार होता एका सहकाऱ्याकडे, आणि तो तर नवख्यांना पहिल्याच तासाला घाम फोडायचा. केंद्राचा नियमही नामी होता: उद्दिष्टं एखाद्या कोऱ्या पाटीला, म्हणजे नवख्या माणसाला, वाचून दाखवायची, पटली की खाली तिची सही घ्यायची.

घरातली कोरी पाटी म्हणजे सासूबाई. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या. आत्ताही जेवणाच्या टेबलावर खाकी कागद अंथरून झग्याचा नमुना कापत होत्या. कानामागे पेन्सिल.

“विद्यार्थ्याला आवृत्ती नियंत्रणाचं महत्त्व समजेल,” बाईंनी वाचलं.

“समजलं, हे तुला दिसणार कुठून?” सासूबाईंची कात्री चालूच होती. “मान तर माझा मुलगाही डोलावतो.”

बाईंनी खोडलं. दुसऱ्या वेळी लिहिलं, ‘विद्यार्थ्यात जाणीव निर्माण होईल.’ सासूबाईंनी विचारलं, ती मोजायची कुठल्या टेपनं? तेही खोडलं. मग चिडून, साधंच लिहिलं: विद्यार्थी फाइलीत बदल करेल, तो टप्पा जपेल, का बदललं ते एका ओळीत लिहील, आणि बिघडलं तर मागच्या टप्प्यावर परत येईल.

कात्री थांबली. “हे दिसतं बघ.”

इथंच थांबायचं ना! पण बाईंना ते फार उघडंबोडकं वाटलं. त्यांनी त्यावर ‘सर्वांगीण’ची झालर लावली, ‘सक्षमीकरणा’ची लेस लावली, त्याच फाइलीवर जपलं आणि फाइल मिटली. चहा पिऊन उघडून पाहतात तर वाक्याला शेंडा ना बुडखा. साधी ओळ आठवेना, जुनी प्रत कुठंच नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घड्याळात पावणेचार. बाईंनी कपाळ धरलं.

सासूबाईंनी खाकी कागद पुढं सरकवला. नमुन्यात काही बदललं, की त्याच्या कोपऱ्यात कारण लिहायची त्यांना जन्माची खोड. ‘कंबर सैल केली, कारण बाळंतपण. पुन्हा आवळली, कारण हट्ट.’ त्याखाली ताज्या पेन्सिलीनं:

‘पहिलं काढलं, कारण दिसत नाही. दुसरं काढलं, कारण मोजता येत नाही. तिसरं ठेवलं.’ त्यापुढे अख्खी साधी ओळ. आणि शेवटी, ‘चौथं बिघडलं, कारण हौस.’

बाईंचे डोळे भरून आले आणि त्याच डोळ्यांनी त्या हसल्या. ओळ उतरवून त्यांनी सहीसाठी कागद पुढं केला.

“मी नाही करणार,” सासूबाई म्हणाल्या. “मी कसली नवखी?”

खरंच होतं. चाराला दहा कमी असताना बाईंनी झोपलेल्या नवऱ्याला उठवून आणलं. उद्दिष्टं ऐकून त्यानं छान मान डोलावली.

“मान नको,” त्याची आई म्हणाली. “करून दाखव.”

बाईंनी बटणं दाखवली. त्यानं जांभई देत फाइलीतला एक शब्द बदलला, टप्पा जपला, बिघडवून मागंही आला आणि मग सही ठोकली. चाराला दोन कमी असताना उद्दिष्टं गेली.

नंतर बाईंनी पाहिलं, बदलाचं कारण लिहायच्या जागी त्यानं लिहिलं होतं: ‘आई उभी आहे म्हणून.’