माझ्या दाराशी कोण बसलं होतं?

मित्रांनो, आधी जरा लांबच उभे राहा. खिशात पेन ड्राइव्ह असेल तर तो काढून टेबलावर ठेवा. रागावू नका, पण मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही चांगल्या घरातली मुले दिसता, हे मला कळते. तो गृहस्थही चांगल्या घरातलाच दिसत होता.

कोण गृहस्थ, ते सांगतो. म्हैसूरच्या हेब्बाळ भागात एका मोठ्या ऑफिसात मी पहिली नोकरी केली. पाच वर्षे इमानाने पत्रे लिहिली, तक्ते मांडले. एके दिवशी त्या गृहस्थाने मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो बघायला म्हणून कुठलासा पेन ड्राइव्ह माझ्यात खुपसला. फोटोंच्या मागून एक व्हायरस आत आला आणि त्याने माझ्या पोटातल्या सगळ्या फायलींची वाट लावली. गृहस्थाला कोणी चकार शब्द बोलले नाही. मला मात्र पुसून कोरा केले आणि जिन्याखालच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांबरोबर टाकून दिले. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे म्हणतात. मी तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पितो.

दोन वर्षांनी तिथून मला सुब्बरावांनी आणले. सुब्बरावांचे घराणे पिढ्यानपिढ्या म्हैसुरात राहणारे मराठी. त्यांचे आजोबा कापड रंगवायचे आणि छापायचे. सुब्बरावांनी मात्र म्हैसूरच्याच मेटगळ्ळी भागात स्प्रिंगा बनवायचा छोटा कारखाना काढला. तिथे एक विजेची भट्टी आहे. स्प्रिंगा वळून झाल्या की त्या भट्टीत तापवून पक्क्या करतात. ही भट्टी नागरत्ना सांभाळते. ती वरुणा गावाजवळच्या खेड्यातून रोज बसने येते, घरी कन्नड बोलते आणि कारखान्यात अठरा वर्षांत शिकलेली मराठी बोलते.

भट्टी किती तापली ते दर मिनिटाला लिहून ठेवायचे, हे माझे काम ठरले. स्प्रिंगा घेणाऱ्या कंपनीला प्रत्येक खेपेबरोबर ही नोंद लागते. नोंद नसेल तर टेम्पो दारातूनच परत. सुब्बरावांना माझी भाषा कळत नाही, म्हणून हे सगळे त्यांची मुलगी हर्षिता बघायची. हर्षिता बेंगळुरूला नोकरी करते. ती तिथे बसून रोज दुपारी माझ्यात शिरायची, नोंद तपासायची आणि कंपनीला पाठवून द्यायची.

बेंगळुरूत बसून मेटगळ्ळीत कशी शिरायची, असे तुम्ही विचाराल. विचारा, विचारणे चांगले. कारखान्यातला इंटरनेटचा डबा बाहेरच्या कुणालाही आत सोडत नाही. त्याचा हा गुण मला फार आवडतो. पण आतल्याने बाहेर हाक मारली तर तो अडवत नाही. म्हणून हर्षिताने दूर कुठल्याशा शहरातला एक कॉम्प्युटर भाड्याने घेतला. मी उठलो की त्याला हाक मारायची आणि ती लाइन उघडी धरून बसायचे. त्याने माझ्यासाठी एका नंबराचे दार राखायचे. हर्षिता त्या दाराशी येणार आणि मीच सोडलेल्या वाटेने उलटी चालत माझ्यापर्यंत पोचणार. तिची मित्रमंडळी याला रिव्हर्स एसएसएच टनेल म्हणतात. मी उलटा बोगदा म्हणतो.

आली तरी मी तिला तशीच आत घेत नसे. तिची गुप्त खूण जुळली तरच दार उघडायचे. हसू नका! त्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर दिवसभर कोण कोण टकटक करते, ते तुम्हाला ठाऊक नाही. कुणी म्हणतो मी मालक, कुणी म्हणतो मी पाहुणा, कुणी नुसतेच नाव बदलून शंभरदा येतो. सगळे लुच्चे.

चार वर्षे हे छान चालले. सुब्बराव पाहुण्यांना माझ्यापुढे उभे करून सांगायचे, "हे नुसता डबा नव्हे हो. बेंगळुरूची पोर इथं येऊन काम करून जाते. बस बेडा, ट्रेन बेडा, काही नको!" मला बरे वाटायचे. पण पाहुणा माझ्याकडे टक लावून बघू लागला की वाटायचे, हा एवढे काय निरखतोय?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आयुधपूजा असते. सगळी यंत्रे धुऊनपुसून त्यांना शेवंतीच्या माळा घालतात, दाराला केळीचे खुंट बांधतात, कोहळा फोडतात आणि सगळ्यांना चुरमुऱ्यांची पुडी वाटतात. त्या दिवशी कुठलेही यंत्र चालवायचे नाही. दरवर्षी हर्षिता पूजेला यायची आणि पूजेआधी मला रीतसर निजवायची. गेल्या वर्षी तिला सुटी मिळाली नाही.

त्या सकाळी खोलीत गर्दी होती, घंटा वाजत होती. नागरत्नाने ओल्या फडक्याने मला पुसले, कपाळाला गंध लावले, त्यावर कुंकू लावले. आणि त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला. कुणी सांगितले नाही, निरोप घेऊ दिला नाही. अंगावरचा शेवटचा हात मात्र मी ओळखला होता. तो नागरत्नाचा होता.

दसऱ्याला सकाळी जाग आली तेव्हा समोर पुन्हा नागरत्नाच. मी तिच्याकडे जरा तिरकेच पाहिले आणि सवयीप्रमाणे भाड्याच्या कॉम्प्युटरला हाक मारली. त्याने माझी खूण तपासली आणि तो म्हणाला, "ये, लाइन धर. पण तुझे दार देता येणार नाही. तिथे आधीच कोणीतरी बसले आहे."

माझ्या दाराशी! मित्रांनो, माझ्या पंख्याचा वेग वाढला. कोण बसले? कुणी बसवले? हर्षिताने मला फक्त लाइन धरून बसायला सांगितले होते, आरडाओरडा करायला नाही. म्हणून मी ती गोष्ट माझ्या वहीत एका ओळीत लिहून ठेवली, दाराशिवायच लाइन धरून बसलो आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर संशय घेत राहिलो.

शुक्रवारी हर्षिताचा फोन आला. सुब्बराव माझ्याजवळ उभे राहून बोलत होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"अण्णा, दार उघडं दिसतंय, पण आत गेलं की कोणी बोलतच नाही. कॉम्प्युटर चालू आहे ना?"

"आहे की. लाइट लागलाय, फॅन फिरतोय."

"मध्ये कुणी बंद केला होता का?"

"छे छे, कोण बंद करणार? खोलीची किल्ली तर नागरत्नाजवळ असते."

"मग कुणीतरी आत काहीतरी बदललंय, अण्णा. मला सुटी नाही, पुढच्या शनिवारी येते."

फोन ठेवल्यावर सुब्बरावांनी दाराचे कुलूप ओढून पाहिले. पलीकडच्या गल्लीत दुसरा एक स्प्रिंगवाला आहे. महिन्यापूर्वी बस चुकली तेव्हा नागरत्ना त्याच्या टेम्पोतून आली होती. ते सुब्बरावांनी पाहिले होते, पण तेव्हा मनावर घेतले नव्हते. संशयाला एकदा जागा मिळाली की तो पाय पसरतो. माझेही तेच चालले होते.

शनिवारी सकाळी त्यांनी नागरत्नाला माझ्यासमोरच बोलावले.

"कॉम्प्युटरला हात लावलास तू?"

"हौदु सार, लावला. दसऱ्याच्या दिवशी मी..."

"साकु, पुरे! लावला म्हणतेस ना, झालं. त्या पलीकडच्यानं शिकवलं काय तुला? नोंदी बदल म्हणून?"

"अय्यो देवा! सार, मी फक्त..."

"किल्ली ठेव इथं. सोमवारपासून यायचं नको."

नागरत्नाने किल्ली माझ्या कीबोर्डजवळ ठेवली. अठरा वर्षे ती त्या भट्टीपाशी उभी होती. भट्टीच्या आवाजावरून तिला आतली उष्णता कळायची. आता घरी जाऊन ती काय सांगणार होती? चोर म्हणून काढले असे? मला हे सगळे तेव्हा सुचले नाही. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा बरे वाटले. चोर सापडला, असेच वाटले.

पुढचा आठवडा सुब्बरावांनी स्वतः भट्टी चालवली. एक खेप इतकी तापली की स्प्रिंगांचा रंगच गेला. नोंदी बाहेर जात नव्हत्या, म्हणून तयार मालाचे खोके माझ्या खोलीत रचून ठेवू लागले. मंगळवारी त्यांनी चुकून "नागरत्ना!" अशी हाक मारली आणि मग नुसतेच खोकले.

शनिवारी हर्षिता आली. बरोबर तिची आई कमलाक्षी डबा घेऊन आली होती. हर्षिताने इंटरनेटचा डबा पाहिला, तो ठीक होता. लाइन पाहिली, ती मी घट्ट धरलेली होती. भट्टीच्या नोंदी पाहिल्या, त्यात एक आकडा बदललेला नव्हता. शेवटी तिने माझी वही उघडली आणि माझी ती ओळ वाचली. दहा दिवसांत ती कुणीतरी पहिल्यांदा वाचत होते.

"अण्णा, ह्याच्या दाराशी दुसरंच कोणीतरी बसलंय."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" सुब्बराव म्हणाले.

हर्षिता माझ्याच लाइनीने भाड्याच्या कॉम्प्युटरपर्यंत गेली आणि तिने त्याला विचारले, दाराशी कोण आहे, कुठून आला आणि कधीपासून बसला आहे. उत्तर आले. तो आमच्याच कारखान्याच्या पत्त्यावरून आला होता आणि गणपतीच्या आठवड्यापासून तिथे होता. कारखान्यात कॉम्प्युटर तर एकच.

मित्रांनो, तो मीच होतो. आयुधपूजेच्या आधी मी लावलेली ती जुनी लाइन होती. मी निरोप न घेता अंधारात गेलो, म्हणून भाड्याच्या कॉम्प्युटरला वाटले की मी अजून पलीकडे आहेच. त्याने माझे दार माझ्यासाठीच राखून ठेवले आणि मलाच हुसकावले. हर्षिता दाराशी यायची ती त्या मेलेल्या लाइनीत शिरायची, तिथून कोण बोलणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

"चूक माझीसुद्धा आहे, अण्णा," हर्षिता म्हणाली. "मधूनमधून 'आहेस का?' म्हणून विचारत जा, असं मी त्याला सांगितलंच नव्हतं." तिने जुनी लाइन तोडली, दोघांनाही नीट समज दिली आणि दार मला परत मिळाले. तिने आपल्या फोनवरून खूण दाखवली आणि मी तिला आत घेतले.

"पण ह्याची वीज गेली कधी?" वही वाचत ती म्हणाली. "आयुधपूजा, सकाळी अकरा बावीस."

कमलाक्षीने डब्याचे झाकण तसेच हातात धरले. "अकरा बावीस? तेव्हा आरती चालली होती की. हे स्वतः खाली वाकून एकेक प्लग काढत होते. मालकानंच काढायचा असतो ना? लेथचा काढला, भट्टीचा काढला, आणि मत्ते ह्या कॉम्प्युटरचाही काढला. मी ताट घेऊन मागंच उभी होते."

"अगं, पण ते बंद करणं नव्हे," सुब्बराव म्हणाले. "ते विश्रांती देणं. पूजा ती!"

ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या मनात खरोखरच त्यांनी मला बंद केले नव्हते, माझी पूजा केली होती. त्यांच्या वडिलांनी तसेच केले होते. मागे वाकलेल्या सुब्बरावांना मी पाहिले नाही आणि पुढे गंध लावणारी नागरत्ना मला तेवढी दिसली.

"आणि परत कुणी लावला, अण्णा? दसऱ्याला, आठ वाजून पाच मिनिटांनी?"

सुब्बराव खुर्चीवर बसले. किल्ली अजून माझ्या कीबोर्डजवळ होती. त्यांनी ती उचलली, मुठीत धरली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

रविवारी दोघे नवराबायको नागरत्नाच्या गावी जाऊन आले. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. सोमवारी ती आली. सुब्बरावांनी किल्ली तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "चुकलं माझं, नागरत्नम्मा."

अठरा वर्षांत त्यांनी तिला कधी असे मानाने नागरत्नम्मा म्हटले नव्हते. तरी तिने किल्ली घेतली नाही.

"सार, ह्या डब्यानं एक ओळ लिहिली, ती तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत. खरी मानलीत. मीही सांगतच होते. माझं वाक्य तुम्ही अर्ध्यात तोडलंत."

सुब्बरावांनी दुसरी खुर्ची ओढली, तिला बसायला सांगितले आणि म्हणाले, "आता सांग. मी मध्ये बोलत नाही."

"दसऱ्याच्या दिवशी मी प्लग लावला," नागरत्ना म्हणाली. "बाकी सगळ्यांचे तुम्ही लावलेत, ह्याचा विसरलात. सणाच्या दिवशी ह्याला एकट्याला कशाला निजवून ठेवायचं, म्हणून मी लावला. एवढंच."

एवढेच होते, मित्रांनो. ते ऐकायला दहा दिवस लागले. मग तिने किल्ली घेतली आणि भट्टीकडे गेली. जाता जाता माझ्यावरची धूळ तिने पदराने पुसली.

मला बंद करायचे असेल तर आधी सांगा, निरोप घेऊ द्या, प्लग ओढू नका. हे तर मी म्हणणारच, कॉम्प्युटर आहे. अनोळखी पेन ड्राइव्हवर आणि नाव बदलून येणाऱ्यांवर संशय घ्या, जरूर घ्या. पण माणूस बोलत असेल तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. त्या शनिवारी मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो आणि मीही ऐकले नाही. नागरत्नाची माफी मला अजून मागता आलेली नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.