ऊन पडेपर्यंत

कुंडी फरशीवरून ओढली तसा खर्रकन आवाज झाला आणि सकाळपासून गप्प असलेलं घर दचकलं. झोळीतलं बाळ हललं. प्रीती वाकलेली होती तशीच, दोन्ही हात कुंडीच्या काठाला लावून, श्वास रोखून थांबली. बाळाने एकदा ओठ चोखले आणि पुन्हा झोप धरली. मग तिने कुंडी ओढली नाही. पोटाशी धरून उचलली आणि अंगणाच्या पायरीशी नेऊन ठेवली.

ऊन तिथेही नव्हतं.

रोज या वेळेला ऊन पायरीवरून उंबऱ्यापर्यंत आलेलं असायचं. आज केदारखेड्यावर आभाळ असं उतरलं होतं की समोरच्या लिंबाची सावलीसुद्धा पडली नव्हती. कुंडीतल्या डेझीची फुलं मिटलेलीच होती. भिजलेली छत्री गुंडाळून ठेवावी तशा पाकळ्या एकमेकींना धरून होत्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या मळकट जांभळ्या सुरनळ्या आहेत. आत केवढा केशरी रंग आहे आणि मधोमध काळाभोर डोळा, ते प्रीतीला माहीत होतं. महिनाभर रोज बघत होती ती.

"सरकवून सरकवून कुंडीला चाकं फुटतील आता," ओसरीत गवार मोडत बसलेल्या सासूबाई, सगुणाबाई म्हणाल्या. "ऊन काय पळून गेलंय का, तू कुंडी घेऊन त्याच्या मागं लागायला?"

"दुपारपर्यंत उघडंल का हो आत्याबाई आभाळ?"

"मला काय इचारती? मी काय आभाळाची सासू हाय?" त्यांनी एक शेंग किडकी निघाली म्हणून बाजूला टाकली. "कसलं फूल म्हणावं हे. सकाळी देवाला तोडावं तर मिटलेलं. मिटलेलं फूल देवाला चालत न्हाई. संध्याकाळी आरतीला पुन्हा मिटलेलं. ना देवाच्या कामाचं, ना भाजीच्या."

"पायलनं लावलंय ते."

सगुणाबाईंनी पुढची शेंग उचलली. शेंगा मोडण्याचा टकटक आवाज तेवढा येत राहिला.

पायल म्हणजे थोरल्या जावेची, साधनाची मुलगी. राहणार जालन्याला. दिवाळीत आली तेव्हा मुठीत बी घेऊन आली होती. पापडीसारखं चपटं, फुंकर मारली तर उडून जाईल असं. "काकू, ही आफ्रिकेतली फुलं आहेत," तिने अंगणात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं. "यांना ऊन लागतं. जास्त पाणी घातलं की मरतात." मग दोघींनी मिळून माती चाळली, वाळू मिसळली. पायलने एकेक बी चिमटीने टेकवलं आणि वरून मातीची चादर घातली. चादर हा तिचाच शब्द.

त्यानंतर फोनवर रोज तेच. उगवलं का? किती पानं आली? रोपं वीतभर झाल्यावर प्रीतीने शेंडे खुडले, तर व्हिडिओवर ते बघून पायल रडली होती. "अगं, तुझे काका कपाशीचे शेंडे न्हाई का खुडत? खुडलं की बाजूनं फुटवे येतात," असं प्रीतीने तिला कितीदा तरी सांगितलं, तेव्हा कुठे हुंदके थांबले. पहिलं फूल उमललं त्या दिवशी मात्र पायल म्हणाली, "फोटो पाठवू नको. मला येऊन बघायचंय. खरंखुरं."

आज ती येणार होती. आणि आजच्यानंतर कधी, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पायलच्या वडिलांची, भागवतदादांची बदली कंपनीने रायपूरला केली होती. सामान पुढे गेलं होतं. आता माणसं जायची होती.

गाडी आली ती जेवणाच्या वेळेला. दार उघडायच्या आधीच पायलचा आवाज अंगणात आला. चप्पल एक इकडे, एक तिकडे टाकून ती थेट पायरीशी पोचली आणि कुंडीपुढे गुडघ्यावर बसली.

"काकू, ही झोपलीत का?"

"आभाळ आलंय ना. त्यांना वाटतंय अजून सकाळच झाली न्हाई."

"मग उठव ना त्यांना."

"अशी बोटानं उघडली तर फाटतील बाई. ती आपली आपण उघडतात."

पायलने ओठ मुडपले. खालचा ओठ आत ओढून डाव्या दाताखाली धरला. प्रीतीने झटकन दुसरीकडे पाहिलं. तिचाही ओठ तसाच दाताखाली गेला होता.

"पायल, आधी पाय धू. आणि पाणी पी," गाडीपासून साधनाने हाक मारली.

ही हाक प्रीतीला पाठ होती. पायल तिच्या फार जवळ बसली, मांडीवर डोकं ठेवलं, केस विंचरून घेऊ लागली, की साधनाला तिला पाणी पाजायचं आठवायचं. रात्री मुक्कामाला तर साधनाने लेकीला इथे कधी एकटी ठेवलीच नव्हती. कधी शिकवणी, कधी सर्दी, कधी सकाळची शाळा. प्रीतीने त्याचा राग धरला नव्हता. साधनाच्या जागी आपण असतो तर मुलीला या अंगणात आणलंच नसतं, असं तिला कितीदा तरी वाटून गेलं होतं.

जेवणं झाली. भागवत आणि प्रीतीचा नवरा हरिओम, दोघे भाऊ, शेवग्याखाली उभे राहून गव्हाचं आणि रायपूरच्या उन्हाळ्याचं बोलत राहिले. सगुणाबाईंनी नातीला जवळ ओढलं.

"रायपूर लई लांब हाय का गं?"

"खूप. रात्रभर रेल्वे."

"तुझ्या त्या आफ्रिकेच्या अलीकडं का पलीकडं?"

"आजी!" पायल खळखळून हसली आणि हसता हसता उठून पुन्हा कुंडीकडे गेली. एका फुलाला गाल लावून बघितला. आभाळ तसंच होतं.

"निघू आता," भागवतने घड्याळ बघितलं. "पिंपळगावला मुक्काम करायचाय. उद्या येताना राजूरला दर्शन घेऊ आणि तसंच जालना."

पिंपळगाव रेणुकाई हे साधनाचं माहेर. तिकडचाही निरोप घ्यायचा होता.

सगुणाबाईंनी ताट आणून ठेवलं. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. पाट मांडला. "प्रीती, ओटी भर जावेची. लांब चालली."

साधना पाटावर बसली. तिने पदर पसरला. प्रीतीने तिला कुंकू लावलं आणि नारळ उचलला.

दर वेळी याच जागी तिचा हात जड व्हायचा. दर वेळी ती नारळाच्या शेंडीकडे बघत राहायची, साधनाच्या डोळ्यांकडे नाही. कारण याच ओसरीत, याच पाटावर एकदा तिने नारळाबरोबर मूलही या पदरात ठेवलं होतं.

बारशाचा दिवस होता तो. साधनाला तीनदा दिवस राहून वाया गेले होते, आणि धाकटीला लग्नाच्या वर्षाच्या आत झालेली मुलगी घरात टाहो फोडत होती. सगुणाबाईंनीच विषय काढला होता. "तुला काय, अजून होतील." हरिओम खाली मान घालून बसला होता. प्रीतीने कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. विसाव्या वर्षी नाही म्हणायची सवय नसते. साधनाने तेव्हा तिचे दोन्ही हात धरून एवढंच मागितलं होतं की, पोरीला कधी कळता कामा नये. प्रीतीने मान डोलावली होती. मग मोगऱ्याची फुलं छातीला बांधून दूध आटवलं होतं. गाठी बसल्या, ताप आला, फुलं तिथेच सुकून काळी पडली. त्यानंतर तिने अंगणात सगळं लावलं. मोगरा लावला नाही.

अजून होतील म्हणाल्या होत्या, ते खरं व्हायलाही किती वर्षं लागली. आत्ता कुठे झोळी पुन्हा हलत होती.

"प्रीती," साधना हळूच म्हणाली.

प्रीतीने नारळ पुढे केला. पण पदर तिथे नव्हता. साधनाने तो आवरून खांद्यावर घेतला होता.

"आज राहू दे. उद्या भर."

"उद्या?" सगुणाबाई पुढे झाल्या. "अगं, भरल्या पाटावरनं कुणी उठतं का?"

"उद्या पायलला न्यायला येतोच की आत्याबाई आम्ही. ती इथं राहील आज. ऊन पडलं की फुलं बघंल."

मग भागवत म्हणाला, "अगं, पण तिचे कपडे?"

"तिची पिशवी मी वेगळी भरून आणलीय. डिकीत आहे."

भागवतने बायकोकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवी काढून आणली. त्यात दोन फ्रॉक होते, दात घासायचा ब्रश होता, पायलची झोपायची जुनी गोधडीसुद्धा होती. प्रीतीच्या हातात नारळ तसाच होता. तो कुठे ठेवावा, हे तिला सुचेना.

गाडीत बसण्याआधी साधनाने लेकीला फाटकाजवळ बोलावलं. खाली बसून तिच्या केसांतला चाप काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. पायलने मान डोलावली. निघताना साधनाने प्रीतीकडे पाहिलं नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी तिचा हात खिडकीबाहेर होता. तो हलत मात्र नव्हता.

संध्याकाळी पायलने बाळाला झोका दिला, हरिओमच्या ताटातला ठेचा चाखून डोळ्यांतून पाणी काढलं, आजीला रेल्वेच्या डब्यात झोपायची रीत शिकवली. रात्री ती प्रीतीच्या अंगावर पाय टाकून झोपली. प्रीतीच्या हाताला मुंग्या आल्या. तिने हात काढला नाही.

सकाळी उंबऱ्यावर उन्हाची रेघ होती.

पायल तोंड न धुताच कुंडीपुढे जाऊन बसली. दूध तिथेच प्यायली. ओसरीत उरलेल्या शेंगा मोडत सगुणाबाई म्हणाल्या, "पोरगी म्हणावं का राखणदार?" ऊन लिंबाच्या शेंड्यावरून उतरलं, भिंतीवर आलं, पायरीवर आलं. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग एका फुलाची एक पाकळी बाकीच्यांपासून सुटली.

"काकू! काकू, ये!"

प्रीती पिठाच्या हातानेच धावली. दोघी शेजारी शेजारी बसल्या. एक पाकळी, मग दुसरी, मग कुणी गाठ सोडावी तशी सगळीच ढिली पडली. केशरी रंग बाहेर आला. मग शेजारचं फूल, त्याच्या मागचं. बघता बघता कुंडी उजळून गेली. पायल हात मांडीखाली दाबून बसली होती, चुकून बोट लागू नये म्हणून.

"हे का असं आहे?" तिने एका वाळक्या फुलाकडे मानेनेच दाखवलं.

"त्याचं झालं. ते खुडायचं, म्हणजे झाड नवीन कळ्या काढतं. न्हाई खुडलं तर बी धरत बसतं आणि थकतं." प्रीतीने देठ चिमटीत धरून दाखवला. "पण ते टोकाचं राहू दे. त्याचं बी धरू. रायपूरला लाव तू."

"तिथं येतील?"

"ऊन असंल तिथं येतील."

पायलने एक वाळकं फूल खुडलं, प्रीतीच्या तळहातावर ठेवलं. दुसरं खुडलं. खुडता खुडता तिला काहीतरी आठवलं.

"अरे हां. मम्मीनं सांगितलं होतं, फुलं उघडली की काकूला विचार."

"काय?"

"मी झाले त्या दिवसाचं. मी म्हटलं, तूच सांग की. तर म्हणाली, मला न्हाई सांगता येणार, मी नव्हते तिथं. काकू होती."

प्रीतीचा हात उघडाच राहिला. तळहातावरची वाळकी फुलं वाऱ्याने हलली. झोळीत बाळ जागं होऊन कुरकुरू लागलं होतं आणि ओसरीतला शेंगांचा टकटक आवाज केव्हाचा थांबला होता. पायल खालचा ओठ डाव्या दाताखाली धरून विचार करत होती.

"मी झाले तेव्हा मम्मीच तिथं नव्हती, असं कसं असेल, काकू?"