चिरायचा नाही असा मासा

"ऐकलात? डोहातल्या आईचा दणका हाय त्यो!" हिंदुरावबुवा ओरडले आणि उल्हास नदीच्या डोहाकाठी जमलेली चामटोली-खरवईकडची दोनशे माणसं हात जोडून वाकली.

सत्त्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात डोहाचं पाणी तिसऱ्यांदा झाडाएवढं उसळलं होतं. मासे उलटे तरंगत होते, अंगावर ओरखडाही नाही. डोह अडवणाऱ्या बंधाऱ्याला तडे गेले होते, पण फक्त पाण्याखाली. वरचे कोरडे दगड शाबूत.

"माणूस वरून फोडतो, आई खालून फोडते! मासे चिरू नका, पुरून टाका. चिरल त्याचा निर्वंश!"

आई कोपली कुणावर? तर विठावर. काठावरची तिची झोपडी आणि गुंठाभर जागा बुवांना मठासाठी हवी होती आणि त्या विधवेनं तोंडावर नाही म्हटलं होतं.

चौघांनी तिला केसांना धरून फरफटत आणलं. कुणाचा तरी दगड कपाळावर बसला.

"मेल्यांनो, परवा माझ्याच दारात पाणी प्यायलात ना रं!"

"उतरवा पाण्यात! पापी नसल तर आई शिवायची नाय. आता पुन्ना येईल ती!" बुवा गरजले आणि चौघांनी तिला पाण्यात ढकललं.

दिनानाथ मास्तर मागे उभे होते. शाळेत विज्ञान शिकवायचे, पण चारचौघांत बोलणं टाळायचे. आपलंच चुकत असेल, असं त्यांना नेहमी वाटे. आताही वाटलं. तेवढ्यात बुवांचा चेला हिरामण, खाणीवरचा सुरुंगवाला, घड्याळ बघून खडकाआड दडला. त्या खडकाखालून एक काळी वात पाण्यात गेली होती आणि बुडबुड्यांची रेघ डोहाकडे सरकत होती. पाण्यातही जळणारी ती वात मास्तरांनी खाणीत पाहिली होती.

ते धावले. कंबरभर पाण्यातून त्यांनी विठाला ओढलं.

"मास्तर, सोड तिला!" खांद्यावर काठी बसली, हाड कडकन मोडलं. त्यांनी पकड सोडली नाही. दोघं काठावर कोसळली आणि डोह फुटला.

लोकांच्या तळपायांना जमिनीतून हिसका बसला. बंधाऱ्याचे खालचे दगड निखळले आणि गावाचं उन्हाळ्याचं पाणी भगदाडातून धो धो वाहू लागलं.

"बघा! आईनं..."

बुवांचं वाक्य अर्धंच राहिलं. डोळ्यांत रक्त उतरलेल्या विठानं एकाच्या कमरेचा कोयता उपसला होता. लोक मागे सरले. तिनं समोरचा मासा उचलून उभा चिरला.

"मास्तर, ह्याच्या पोटातला हवेचा फुगा फाटलाय. आत निस्तं रगात."

मास्तरांनी फाटक्या फुग्याकडे बोट दाखवलं. "पाण्याखाली सुरुंग उडवलाय. हवा दबते, धक्का तिच्यात विरतो. पाणी दबत नाही. ते धक्का तसाच पुढे लोटतं आणि जिथे पोकळी, तिथे फाडतं. माशाचा फुगा, दगडांचे सांधे. क्षणभर उशीर झाला असता, तर हिची फुप्फुसं. म्हणून तडे पाण्याखालीच. चिरलं की सुरुंग कळेल, म्हणून चिरायचं नाही!"

मास्तरांनी दाखवलेल्या खडकाआडून लोकांनी हिरामणला ओढलं. पिशवीत सुरुंगाच्या कांड्या निघाल्या. तो रडायला लागला, "बुवा बोलला, सुरुंग लांब हाय, बाई निस्ती घाबरल."

आता जमावाच्या हातातले दगड बुवांकडे वळले. मास्तर मोडक्या खांद्यानं आडवे आले.

"नको. पोलीस बघतील. तुम्ही एवढंच करा. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी मासा चिरून बघा. चिरू नका म्हणणाऱ्याला विचारा, का नको?"

विठानं कोयता धुऊन ज्याचा त्याला परत दिला.

"आन् बाईला वढायच्या आधी?" तिनं विचारलं.

एकेकाच्या हातातला दगड खाली पडला. भगदाडातून पाणी वाहत राहिलं.