न मोडणारं मॉडेल

अंजूला एकच गोष्ट हवी होती: आपलं ड्रॉइंग चुकलेलं निघावं.

गोंदियाच्या त्या फॅब्रिकेशनच्या ऑफिसात ती राइस मिलमधल्या धानाच्या टाक्यांचे लोखंडी स्टँड संगणकावर काढायची आणि तिचा नवरा उमेंद्र ते जागेवर उभे करायचा. मागच्या सीझनला त्यातलाच एक स्टँड धानासकट खाली बसला, आणि त्याखाली सापडून उमेंद्र गेला. म्हणजे एकतर तिची रेघ चुकली होती, नाहीतर त्याचा हात. त्याचा हात चुकला म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

आता ऑफिसनं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. ड्रॉइंगमध्ये खांब जाड केला, की ताकदीच्या हिशोबातही तो आपोआप जाड व्हायचा. फाइल इकडून तिकडे न्यायची कटकट नाही. ही जोडणी अंजूनंच केली, आणि पहिलं मॉडेल चढवलं ते त्याच स्टँडचं. टाकी भरली. स्टँड हलला नाही. आणखी भार टाकला. मेला तसाच उभा! एवढं सुरेख ड्रॉइंग काढल्याबद्दल तिला स्वतःचाच संताप आला.

आणि उमेंद्र अजूनही यायचा. भर दुपारी, बाकीचे डबे खात असताना, खुर्चीच्या मागं येऊन उभा राहायचा. कापलेल्या लोखंडाचा जळका वास यायचा. वळून पाहिलं की कोणी नाही. तिला भीती वाटायची, आणि वास गेला की त्याहून जास्त वाटायची.

त्या दुपारी वास आला तेव्हा ती वळली नाही. "सांग ना मग, काऊन छळून राहिला?" ती पुटपुटली. माऊसवरचा तिचा हात आपोआप सरकला आणि पडद्यावरचा स्टँड उलटा फिरला. खालून त्याच्याकडे कधी कोणी बघत नसे. खांबांना एकमेकांशी बांधणारा आडवा अँगल समोर आला. टाकीखाली धान भरून घेणारी ट्रॉली एवढ्या ठेंगण्या जागेतून जाते तरी कशी?

तिनं तिरोड्याकडच्या एका मिलवर खेमराज मिस्त्रीला फोन लावला. तिथंही असाच स्टँड होता, उमेंद्रनंच उभारलेला.

"खेमराजभाऊ, खालचा आडवा अँगल जागेवर हाये ना?"

"तो तं केव्हाच कापला वहिनी. ट्रॉली अडकून राहिली होती ना. उमेंद्रभाऊनंच गॅसकटरनं उडवला. वर दुसरा लावून देतो म्हने, पन मंग राहूनच गेलं."

अंजूनं ड्रॉइंगमधून तो अँगल पुसला. क्षणभर काही झालं नाही. मग हिशोब बदलला आणि खांब मधोमध बाहेर वाकला. टाकी अर्धीही भरलेली नव्हती.

"खालची मानसं हटवा!" ती फोनवर किंचाळली. "आत्ताच्या आत्ता! टाकीत दानाही टाकू नका!"

थोड्या वेळानं खेमराजचा फोन आला. माणसं हटली होती, मशीन बंद होतं. मग तो हळूच म्हणाला, "मालक विचारून राहिले, झालं काय म्हनून. ड्रॉइंगच चुकलं होतं म्हनू का? गेलेल्या मानसाले कायले बोल लावायचा?"

हो म्हणायचं तिच्या अगदी ओठावर आलं. पण ड्रॉइंग चुकलं म्हटलं असतं, तर बाकीच्या मिलवाल्यांनी आपापल्या स्टँडखाली वाकून अँगल शाबूत आहे का, हे पाहिलं नसतं. आणि अँगल आणखी कुठं कुठं कापला, हे एकट्या उमेंद्रलाच ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली. "माह्या नवऱ्यानं कापला म्हनून सांगजा. सगळ्याईले सांगजा."