चाळलेली माती

दोन वर्षं शेणखत घालूनही गजराबाईच्या वावरातली माती तपासणीत होती तशीच निघाली. शेतकीचे साहेब माती जाळून तिच्यातला शेणापाल्याचा अंश तोलत. ते चक्रावून सारंगखेड्याला तिच्या घरी आले.

"बाई, तपासणीच्या पिशवीत माती भरली कशी होती?"

"चांगली चाळीसन," ती तोऱ्यात म्हणाली. मुळं, धसकटं, शेणाची ढेकळं, सगळं तिने तांदळातल्या खड्यांसारखं वेचून काढलं होतं. "लोकेसना घर मन्ही माटी कचरासंगे कशी धाडू, साहेब?"

साहेबांना हसू आवरेना. "अहो, तो कचराच तर मोजायचा होता! आहे तशी द्या."

तिने दिली. पण पिशवी पुढे करताना तिची मान खाली गेली, जणू वेणीफणी न करताच लेक पाहुण्यांपुढे आणली होती.