पंख्यातली रुई

शैलेशने रबरी हातमोजे चढवले, मागच्या सीटची पाठ काढून गॅरेजच्या भिंतीला टेकवली आणि गाडीत तिच्यामागे असलेलं छोटं झाकण उघडून आतला बॅटरीचा खटका बंद केला. तसं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या कमळाने पदर खोचला आणि ती थेट गाडीच्या दाराशी येऊन वाकली.

"काकी, जरा लांब. ही बॅटरी साधी नाही. माणूस उडवून लावेल असा करंट आहे हिच्यात."

"तू आताच बंद केलास ना? मी बघितलं की."

शैलेशने पाना उचलला. राहनाळला गॅरेज टाकण्याआधी तो ठाण्याला मोठ्या वर्कशॉपात होता. नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती. पण नव्वारीतली बाई बॅटरीत डोकावायला येते हे त्यालाही नवीन होतं.

कुठल्याही वस्तूच्या पोटात काय आहे ते पाहिल्याशिवाय कमळाला चैनच पडत नसे. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने सासऱ्यांचा रेडिओ उघडला होता. परत जोडताना दोन स्क्रू उरले, रेडिओ मात्र पुढे कित्येक वर्षं ठणठणीत वाजला. आणि ही तर हायब्रीड गाडी. दोन हजार नऊ साली पूर्णा-राहनाळ पट्ट्यात तशी दुसरी नव्हती. थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर चालायची आणि मन मानेल तेव्हा गप्प व्हायची. मुलाने, प्रितेशने, हौसेने घेतली होती आणि बापाला चालवायला दिली होती.

गाडीतला पिवळा दिवा आता दुसऱ्यांदा पेटला होता. पहिल्या वेळी शैलेशने मशीन लावून बिघाडाचा कोड पुसला, दिवा विझला, आणि शिमगा होतो न होतो तोच पुन्हा डोळे वटारून बसला. शनिवारी याच गाडीने केसरीनाथला, कमळाच्या नवऱ्याला, दादरच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

केसरीनाथला झोप येत नव्हती. पूर्ण्याच्या नव्या बंगल्यात राहायला आल्यापासून हा माणूस रात्रभर छताकडे बघत पडायचा. गोळ्या झाल्या, डोक्याला तेल झालं, एकवीरेला नवस बोलून झाला. गालफडं बसली, चहाचा कप हातात थरथरायला लागला. अलीकडे दुपारी जेवून घरच्या गोडाऊनच्या ऑफिसात जाऊन आला की तोंडावर जरा तरतरी दिसे, पण रात्र पुन्हा तशीच. डॉक्टर म्हणत होते, आता दवाखान्यात ठेवून घेऊ, डोक्याला तारा लावून तपासू. कमळाला त्या तारांची भीती वाटत होती. ती भीती कुणाला सांगायची, म्हणून मग ती गाडीच्या पोटात बघत होती.

"हे बघा," शैलेशने हातातलं स्कॅनर तिच्यासमोर धरलं. "कोड म्हणतो, बॅटरी तापते, तिला वारा कमी पडतो. मागच्या वेळी मी कोड नुसता पुसला, ती चूकच झाली. आज त्याच्या खालचं वाचलं. दिवा पेटला त्या क्षणी गाडी काय करत होती ते ती स्वतःच लक्षात ठेवते."

"काय करत व्हती?"

"काहीच नाही. उभी होती. वेग शून्य, इंजिन चालू, एसी फुल."

"सिग्नलला असंल."

"सिग्नलवर इतकी तापणार नाही. ही बराच वेळ एका जागी उभी होती, काकी. एसी लावून."

कमळाने भुवया वर केल्या. केसरीनाथ कंजूस नव्हता, पण उभ्या गाडीत पेट्रोल जाळणाऱ्यातलाही नव्हता.

शैलेश आत शिरला. बॅटरीला वारा घालणारा पंखा सोडवताना तो सांगत होता, की हा वारा बाहेरून येत नाही, गाडीच्या आतूनच येतो, मागच्या काचेखाली ती जाळी आहे ना, तिच्यातून. बोलता बोलता तो थांबला. त्याने पंखा बाहेर काढून फळीवर ठेवला. पात्यांच्या भोवती मळकट पांढरा थर घट्ट बसला होता. बोटाने ओढला तर तुकडाच्या तुकडा निघून आला.

"घरात मांजर पाळलंय का?"

"न्हाय."

"मग गादी फाटली असेल."

कमळाने तो तुकडा घेतला. बोटांत चोळला. मऊ होता, पण गादीच्या कापसासारखा नव्हे. आत बारीक खरखर होती. तिने तो नाकाशी नेला. आंबूस वास आला. सुताला घातलेल्या खळीचा. हा वास तीस वर्षं तिच्या चादरीला, भाकरीच्या पिठाला आणि नवऱ्याच्या केसांना येत होता.

"लूमची रुई हाय ही," ती म्हणाली.

"तुमचे लूम आहेत? कापडाचे माग?"

"व्हते. नारपोलीला. खाली लूम, वर आम्ही. गेल्या साली विकले."

"मग गाडी कुणाच्या लूमपाशी जाते?" शैलेशने सहज विचारलं. विचारल्यावर त्यालाही आपण भलतंच विचारलं असं वाटलं असावं, कारण तो लगेच ब्रश घेऊन पंख्यावर वाकला. "उपाय सोपा आहे. लूमपाशी उभी करायची नाही. केलीच तर काचा बंद. एसी लावून काचा कोण उघड्या ठेवतं? पण ठेवल्यात कुणीतरी, त्याशिवाय एवढी रुई आत येत नाही."

कमळाने रुईचा तुकडा रुमालाच्या टोकाला बांधला. अशा वेळी बायकांच्या मनात जे येतं ते तिच्याही मनात येऊन गेलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. ज्याला चहाचा कप नीट धरवत नाही तो कसली थेरं करणार? घरी गेल्यावर तिने नवऱ्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता, आणि मग आत काय आहे ते बघायची वाटच बंद झाली असती.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ जेवला, हात धुतले, किल्ली उचलली.

"गोडाऊनला जाऊन येतो."

"या."

गाडी फाटकाबाहेर गेली आणि पाठोपाठ कमळाने रिक्षा धरली.

नारपोलीच्या गल्लीशी उतरली तेव्हा लूमचा खडखडाट अंगावर आला. रिक्षावाल्याने किती झाले ते सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही, बोटांवरून कळलं. वर्षभरात ती इकडे फिरकली नव्हती. गल्ली तशीच होती, नाल्याचं पाणी कापडाच्या रंगाने तसंच निळं. आणि त्यांच्या जुन्या शेडच्या मागच्या भिंतीला लागून, जाळीच्या खिडकीखाली, प्रितेशची गाडी उभी होती. खालून एसीचं पाणी ठिबकत होतं. भिंतीकडची काच अर्धी खाली होती.

केसरीनाथ सीट मागे पाडून झोपला होता. चपला काढलेल्या, तोंड उघडं, एक हात पोटावर. पापण्यांवर रुईचे बारीक तंतू बसले होते.

लुंगी नेसलेला एक कारागीर चहाला बाहेर आला होता. त्याने तिला ओळखलं.

"सेठ तो रोज आते हैं, भाभी. खाना खाके आते हैं और सो जाते हैं. जगाऊँ?"

"नको. सोने दो."

ती बघत उभी राहिली. नवऱ्याला झोपलेलं पाहून तिला किती महिने झाले होते. डोळे भरून आले आणि रागही आला. घरात सांगायला काय झालं होतं? पण काय झालं होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. लूम विकले त्या दिवशी केसरीनाथने साऱ्या गल्लीला मटण घातलं होतं आणि पंगतीत उभा राहून मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता, सुटलो बाबा या कटकटीतून, आता सुखाने झोपतो. प्रितेशने ते इतकं मनावर घेतलं, की रस्त्यावरच्या कंटेनरचा आवाज येऊ नये म्हणून बंगल्याला दुहेरी काचा बसवल्या.

तिने अलगद दार उघडलं आणि त्याच्या शेजारी बसली. समोरचा पिवळा दिवा आज विझलेला होता.

तेवढ्यात लाईट गेली. शेडमधले लूम एकामागून एक थांबले, मग पलीकडच्या शेडमधले, मग साऱ्या गल्लीचे. कुठेतरी कुणीतरी खाकरलं तेही ऐकू आलं.

केसरीनाथने खाडकन डोळे उघडले.

"लाईट गेली," तो छताकडे बघून म्हणाला.

तीस वर्षं तो असाच जागा होत होता. तोच नव्हे, अख्खी गल्ली. रात्री-बेरात्री लाईट गेली की माणसं दचकून उठायची आणि ओट्यावर येऊन बसायची. आवाज परत सुरू झाला की पुन्हा आडवी व्हायची. कमळाही त्यांतलीच. बंगल्यातल्या शांततेत ती महिनाभरात रुळली आणि हे पार विसरूनही गेली. त्याला मात्र त्या घरात रोजच रात्री लाईट गेलेली होती.

केसरीनाथने मान वळवली. तिला बघून तो उठून बसला आणि पायांनी चपला चाचपायला लागला.

"तू कवा आलीस?"

"आताच."

"गोडाऊनलाच चाललो व्हतो. हितं जरा सावली दिसली म्हनून…"

"हां."

त्याने चपला पायात सरकवल्या.

"प्रितेशला नको सांगू," तो म्हणाला. "पंगतीत समद्यांच्या समोर बोललो व्हतो मी."

"काय बोलला व्हता? मना तर काय आठवत न्हाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती चेहऱ्यावरची रेघ हलू न देता बसली होती. त्याने पुन्हा मान मागे टेकवली.

"शनिवारी त्या दादरवाल्याकडं…"

"मी बोलते त्याच्याशी. पडा तुम्ही."

"लाईट कवा येईल काय म्हायीत."

"येईल. पडा."

लाईट आली. आधी एक लूम अडखळत सुरू झाला, मग त्याला दुसरे मिळाले, आणि जाळीतून खडखडाट पुन्हा गाडीत भरला. केसरीनाथ काहीतरी सांगणार होता. अर्ध्या वाक्यातच त्याचा जबडा सैल झाला.

कमळाने पर्समधून मोबाईल काढला आणि शैलेशला लावला. एका कानावर तळवा दाबून ती ओरडूनच बोलली.

"शैलेश, कमळाकाकी बोलते."

"बोला काकी. दिवा पुन्हा लागला?"

"न्हाय. लागंल पुन्हा. म्हनून फोन केला."

"आवाज कसला येतोय एवढा? कुठून बोलताय?" खडखडाट त्याच्याही कानात शिरला असावा. "अच्छा. सापडलं वाटतं."

"सापडलं."

"मग सांगितलं ना तुम्हाला, सोपं आहे. ती काच तेवढी बंद ठेवायला सांगा, परत त्रास नाही."

कमळाने त्या अर्ध्या उघड्या काचेकडे पाहिलं. वरच्या कडेवर रुईचा एक पुंजका येऊन बसला होता, तो सुटला आणि केसरीनाथच्या खांद्यावर पडला.

"काच उघडीच राहनार," ती म्हणाली. "तू म्हयन्याच्या म्हयन्याला पंखा साफ करून दे."

तिने फोन पर्समध्ये टाकला, आणि आपल्या बाजूची काचही खाली केली.